दातेराव महाराजांचे राखीव गडी

एका जंगलात, मुलांनो, एक तरस राज्य करत होता. जंगलाचं नाव मी सांगणार नाही. मागे एकदा एका गोष्टीत नाव घेतलं, तर तीन जंगलांनी ते आपलंच वर्णन आहे म्हणून भांडण काढलं. तेव्हा विचारू नका. मांडी घाला आणि ऐका. खिडकीपाशी बसलाय त्याने आधी तोंडातली चिंच संपवावी.

तरसाचं नाव दातेराव. दातेराव सदा हसत असत. तोंडाची ठेवणच तशी होती, त्यात त्यांची काही कर्तबगारी नव्हती. पण गादीवर बसल्यावर ती कर्तबगारीत धरण्यात आली. दर तिसऱ्या झाडावर पाटी लागली, 'हसतमुख राजा, सुखी प्रजा'. प्रजा खरोखर सुखी आहे का, हे बघायला एकदा एक मोर निघाला. तो परत आला तेव्हा त्याला पिसारा नव्हता. प्रजा फार सुखी आहे, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

या जंगलात कोणी मरत नसे. तसा वटहुकूमच होता. इथले प्राणी गायब होतात असा शेजारच्या जंगलांमध्ये बोभाटा झाला होता, म्हणून दातेरावांनी 'मेला' हा शब्दच बंद करून टाकला. कोणी मेला की 'विश्रांतीस गेला' म्हणायचं. रानकुत्र्यांनी भरदुपारी एखाद्याला फरफटत नेलं, तर 'पकडून नेला' म्हणायचं नाही, 'राखून ठेवला' म्हणायचं. अशांना ठेवायला उत्तरेला बाभळीचं दाट कुंपण घातलं होतं आणि त्यावर पाटी होती, 'राखीव. आत येऊ नये.' लांबून येणाऱ्या पाहुण्यांना वाटे, झाडाझुडपांना किती जपतो हा राजा!

दातेरावांचा प्रधान होता रंगनाथ सरडा. तो सकाळी हिरवा असे, दुपारी करडा असे आणि महाराजांसमोर महाराज ज्या रंगाचे असतील त्या रंगाचा असे.

एके दिवशी रंगनाथ म्हणाला, "महाराज, शेजारची जंगलं आपल्याला नावं ठेवतात."

दातेराव हसले. दुसरं काही करता येत नव्हतं.

"त्यांना इकडेच बोलावू. आंतरवन कबड्डी चषक आपल्याकडे भरवू. प्राणी एकदा सामना बघायला बसला, की त्याला आजूबाजूचं काही दिसत नाही."

"आणि चषक?"

"तो आपणच जिंकायचा. म्हणजे आपलं राज्य चांगलं आहे हे आपोआप सिद्ध होतं."

"ते कसं काय?"

"ते मलाही कळलेलं नाही, महाराज. पण सगळीकडे तसंच धरतात."

झालं. तयारी सुरू झाली. हाडं दिसणाऱ्या हरणांना टेकडीमागे पाठवलं आणि गुबगुबीत ससे वाटेवर आणून बसवले. सुतारपक्ष्याने टाळ्यांची तालीम घ्यायला घेतली. त्याने चोच तीनदा आपटली की टाळ्या, एकदा आपटली की शांतता. पिसारा गेलेल्या मोराच्या पाठीला शिंदीच्या झावळ्या बांधल्या आणि त्याला लांबून नाचायला सांगितलं.

कबड्डीचं मैदान मऊ लागतं. माती चाळावी लागते, तिच्यावर पाणी मारावं लागतं. म्हणून जंगलातल्या एकुलत्या एका तळ्याला कुंपण पडलं आणि तिथलं पाणी मैदानाला जाऊ लागलं. प्राण्यांनी काय प्यायचं? तोही विचार झाला होता. त्यांनी अभिमान बाळगायचा.

मैदान तयार करायचं काम केरबा घोरपडीकडे होतं. केरबा साधा गडी. कधी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण मैदानाच्या पूजेच्या दिवशी, सगळं जंगल जमलेलं असताना, त्याने पाण्याची झारी खाली ठेवली आणि एक प्रश्न विचारला.

"म्हाराज, मैदानाला दिसातनं दोन टायमाला पानी हाय. मग लेकरास्नी एक टायमाला का न्हाई?"

एवढंच. सुतारपक्ष्याने घाबरून चोच तीनदा आपटली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी रानकुत्रे आले आणि केरबाला राखून ठेवलं. त्यांच्या मागोमाग म्हादू नावाचं एक तरणं भेकर कुंपणापर्यंत भुंकत गेलं. धोका दिसला की भुंकायचं, एवढंच भेकराला येतं. दुसऱ्या दिवशी म्हादूलाही राखून ठेवलं.

आता या गोष्टीतली मुख्य बाई. ती म्हणजे केरबाची बायको, सगुणाक्का. सगुणाक्का दिसायला बेताची आणि बोलायला त्याहून बेताची. पण घोरपडच ती. एकदा धरलं की सोडत नसे. कबड्डीत घोटा धरावा तर तिनेच, असं सात जंगलांत म्हणत. तिने एकदा एका नीलगाईचा घोटा धरला होता. पंचांनी निकाल दिला, प्रेक्षक घरी गेले, तरी नीलगाय बिचारी "आता सोडा की हो अक्का" म्हणत मैदानातच उभी होती.

आठ महिने सगुणाक्का रोज त्या बाभळीच्या कुंपणापाशी जात होती. "माझा मालक आत हाय का?" असं रोज विचारत होती. रानकुत्रे रोज सांगत, "चौकशी चालू आहे." तिला फार काही नको होतं. तो जिवंत आहे की नाही, एवढंच तिला हवं होतं. पण जिथे 'मेला' म्हणता येत नाही, तिथे 'जिवंत आहे' असं तरी कोण आणि कशाच्या जोरावर सांगणार?

सामने तोंडावर आले तसा रंगनाथ तिच्या बिळापाशी आला. लांबच्या नात्याने तो तिचा भाचा लागत होता. सरडे कोणाचे ना कोणाचे भाचे असतातच.

"मावशी, तुला संघात घेतलंय. महाराजांची इच्छा आहे."

"तुझा काका कुठाय?"

"तू आधी खेळ तर. चषक आला की महाराज खूश होतील. खूश झाले की काकांचा विचार करतील."

"रंग्या, माझ्याकडं बघ. जित्ता हाय का त्यो?"

रंगनाथ हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा राखाडी झाला. "सरावाला उद्यापासून ये," एवढं म्हणून तो पाचोळ्यात दिसेनासा झाला.

सगुणाक्काचा जीव तुटत होता. पण बिळात बसून तुटण्यापेक्षा मैदानात तुटलेला बरा, असा विचार करून ती सरावाला गेली.

मग पाहुणे आले. आंतरवन क्रीडा महासंघाचे अध्यक्ष गवेसाहेब आले. गवेसाहेबांचं पोट आधी आलं आणि मागून ते आले. त्यांच्यासाठी मधाचं पोळं, मोहाची फुलं आणि कोवळे बांबू मांडून ठेवले होते. त्यांच्यासोबत पंच आले. पंच एकच होते, करकोचे. लांब चोच, लांब पाय, काखेत नियमांचं पुस्तक. त्यांनी मधाकडे पाहिलंही नाही. "सामन्याआधी पंचाने यजमानाकडे खाऊ नये, नियम नववा," असं म्हणून ते कोपऱ्यात एका पायावर उभे राहिले.

अर्धं पोळं संपल्यावर गवेसाहेबांना काहीतरी आठवलं. त्यांनी पळसाचं एक पान काढलं. जंगलातून पळून गेलेल्या एका साळुंकीने त्यावर बेचाळीस नावं लिहून शेजारी पोचवली होती.

"हे बघा," गवेसाहेब बोटं चाटत म्हणाले, "मला स्वतःला यात काडीचा रस नाही. खेळात राजकारण आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण परत गेल्यावर विचारतील, तुम्ही विचारलंत का? म्हणून विचारतो. हे बेचाळीस जण कुठे आहेत?"

दातेराव हसतच होते, पण आता नुसते दात दिसत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून करकोचे म्हणाले, "यजमान संघाने राखीव खेळाडूंची यादी अजून दिलेली नाही. यादी नसेल तर सामना नाही. नियम अकरावा."

रंगनाथाच्या डोक्यात वीज चमकली. एका दगडात दोन पक्षी! (हे तो मनातच म्हणाला, कारण पंच पक्षी होते.)

"अहो, ही काय यादी!" तो ओरडला. "साहेबांच्या हातातच आहे! हे बेचाळीस म्हणजे आमचे राखीव खेळाडू. उत्तरेच्या राखीव भागात त्यांचं शिबिर चालू आहे. शिस्त कडक, म्हणून घरच्यांना भेटू देत नाही. घरचे लगेच कांगावा करतात."

"बेचाळीस राखीव!" गवेसाहेबांचा ऊर भरून आला. "अहो, आमच्याकडे पाच मिळताना मारामार. खेळाबद्दल केवढी ही आस्था!"

त्यांनी पान करकोच्यांकडे दिलं आणि पोळ्याचा उरलेला अर्धा भाग जवळ ओढला. करकोच्यांनी नावं मोजली. खाली दातेरावांच्या पंज्याचा ठसा घेतला. मग नियमाप्रमाणे ती यादी मैदानाशेजारच्या वडावर सगळ्यांना दिसेल अशी लावली. रंगनाथ त्या दिवशी आनंदाने असा हिरवा झाला, की दोनदा माकडांनी त्याला पान समजून ओढलं.

वडापाशी हळूहळू गर्दी जमली. सगळे नावं वाचत होते. अकरावं नाव होतं केरबा घोरपड.

सगुणाक्काने त्या नावावर पंजा ठेवला आणि ती रडली. आठ महिन्यांत पहिल्यांदा रडली. राखीव म्हणजे आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. नसलेल्याला कोण कशाला राखून ठेवील?

तिच्या शेजारी म्हादूची म्हातारी आई उभी होती. तिला आता अक्षर दिसत नसे. "सगुने, माझ्या म्हादूचं नाव हाय का गं?"

"हाय काकी. समद्यात शेवटचं."

"आसू दे. शेवटचं तर शेवटचं."

डोळे पुसून सगुणाक्का करकोच्यांकडे गेली. "पंचसाहेब, गडी दुखावला तर काय करत्यात?"

"राखीव गडी आत येतो. दुखावलेला बाहेर बसतो."

"कुठला राखीव, ते कुनी ठरवायचं?"

"बाहेर जाणारा नाव सांगतो. नियम सतरावा."

"आनि आसं किती येळा करता येतं?"

करकोच्यांनी पुस्तक उघडलं, पुढे चाळलं, मागे चाळलं. "मर्यादा लिहिलेली नाही," ते म्हणाले. त्यांना ते आवडलं नसावं. "आजवर कोणाकडे बेचाळीस राखीव नव्हते."

सामन्याच्या दिवशी सगळं जंगल मैदानाभोवती होतं. समोर डोंगरापलीकडच्या वनाचा संघ. त्यांचा कप्तान एक चपळ मुंगूस. दातेराव उंच खडकावर बसले होते. पोपट सामन्याचं वर्णन करत होता. आता कबड्डीत बाद झालेल्या गड्याला आपण काय म्हणतो? 'मेला' म्हणतो. पण इथे तो शब्द बंद. म्हणून पोपट ओरडे, "डोंगरवनाचा गडी विश्रांतीस गेला!" एकाच चढाईत तिघे विश्रांतीस गेले, तेव्हा एका पाहुण्याने शेजाऱ्याला विचारलं, "इकडच्या हवेत दमायला फार होतं का हो?"

सगुणाक्का त्या दिवशी अंगात आल्यासारखी खेळली. मुंगूस दोनदा तिच्या पकडीत सापडला. मध्यंतराला एकोणीस-अकरा अशी आघाडी होती. सुतारपक्ष्याच्या चोचीची धार गेली.

मध्यंतरात तिने रंगनाथाला गाठलं. "जिंकतोय आपन. आता काकाला सोडशील न्हवं?"

रंगनाथ खडकाकडे बघत होता आणि खडकाच्याच रंगाचा झाला होता. "बघू," तो म्हणाला.

'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. सहलीला जाऊ का, असं तुम्ही घरी विचारता तेव्हा काय उत्तर मिळतं? राजवाड्यातही तेच मिळतं.

दुसरा डाव सुरू झाला. पहिलीच चढाई संपली आणि सगुणाक्का धपकन खाली बसली.

"पाय मुरगळला! पंचसाहेब, राखीव गडी द्या. केरबा घोरपड!"

करकोच्यांनी यादी पाहिली. "अकरावं नाव. बोलवा."

रंगनाथ धावत आला. "तो आज जरा... त्याचं पोट बिघडलंय. दुसरं कोणी सांगा ना!"

"यादीतला गडी हजर होईपर्यंत सामना थांबतो. थांबलेल्या सामन्याचा चषक कोणालाच मिळत नाही. नियम एकविसावा."

रंगनाथाने वर पाहिलं. दातेराव चषकाकडे बघत होते. चषक मध्यरेषेशेजारी ठेवला होता आणि उन्हात चकाकत होता. आठ गुणांची आघाडी, एकच डाव बाकी, सात जंगलांचे पाहुणे बघतायत. एक मरतुकडी घोरपड आल्याने काय आभाळ कोसळणार होतं?

"आणा," दातेराव हसत म्हणाले. "आंघोळ घालून आणा."

केरबा आला. कातडी हाडांना चिकटली होती आणि डोळे उन्हाला मिटत होते. अंगावर नवाकोरा गणवेश होता आणि गणवेशावर दातेरावांचं हसरं चित्र होतं. दोघं रेषेवर समोरासमोर आली. आठ महिन्यांचं बोलायचं होतं, पण करकोचे शिट्टी तोंडात धरून उभे होते.

"आलास," सगुणाक्का म्हणाली.

"व्हय. कुठला पाय मुरगळला?"

"उजवा."

"मग डावा का लंगडतीयास?"

तेव्हा सगुणाक्का हसली, आणि लगेच तिला हुंदका आला. ती लंगडत, म्हणजे आता दोन्ही पाय लंगडत, रेषेबाहेर जाऊन बसली.

केरबाने डोळे किलकिले करून मैदान पाहिलं. ते त्यानेच तर केलं होतं. तेवढ्यात त्याच्या शेजारचा ससा कोसळला. "माझाबी पाय! राखीव द्या. माझा थोरला भाऊ. तिसरं नाव!"

मग रानमांजर कोसळलं. मग साळिंदर कोसळलं. साळिंदराला तर कोणी हातही लावला नव्हता, लावणार कोण? पाहता पाहता सातही जण बाहेर आणि आत सात राखीव. सुतारपक्ष्याने चोच आपटली नव्हती, तरी कुठूनतरी टाळ्या आल्या.

"ही फसवणूक आहे!" रंगनाथ किंचाळला.

"दुखणं ज्याचं त्याचं," करकोचे म्हणाले. "पंचाने पाय चाचपून बघावा असा नियम नाही."

आता मुंगूस चढाईला आला. "कबड्डी, कबड्डी" म्हणत तो आत शिरला आणि त्याने समोरचे गडी नीट पाहिले. एकाचा कान गेला होता. एकाला उभं राहायला दुसऱ्याचा आधार लागत होता. मुंगसाचा आवाज बारीक झाला. कोणालाही न शिवता तो मागे फिरला. त्याचे सगळे गडी एकामागून एक तसेच आले आणि तसेच गेले. गुण हलेचनात, एकोणीस-अकरा ते एकोणीस-अकरा.

आणि गंमत अशी, मुलांनो, की त्यामुळे दातेरावांची पंचाईत झाली. यजमान अजून जिंकतच होते! सामना सोडवेना.

आत आलेल्या राखीव गड्यांचेही पाय मुरगळू लागले. केरबा पडला, त्याने बारावं नाव सांगितलं आणि सगुणाक्काशेजारी जाऊन बसला. तिने त्याचा घोटा धरला. बारावा पडला, त्याने तेरावा बोलावला. "आणा. आणा. लवकर आटपा," दातेराव हसत म्हणत होते. रानकुत्रे मैदान ते कुंपण आणि कुंपण ते मैदान असे पळून पळून जीभ काढू लागले. नाव पुकारलं की गर्दीतून कोणीतरी "आमचा!" म्हणून ओरडे. कोणाची आई, कोणाचा मुलगा.

गवेसाहेब बांबू चावत कौतुकाने म्हणाले, "पायाने जरा नाजूक दिसतायत. पण प्रत्येकाला संधी! याला म्हणतात खिलाडू वृत्ती."

एकेचाळीस झाले. एकेचाळिसावं एक म्हातारं चितळ होतं. ते रेषेवर गेलं, सावकाश खाली बसलं आणि म्हणालं, "पाय मुरगळला. राखीव द्या. म्हादू भेकर."

म्हादूची आई काठी टेकत उठून उभी राहिली.

रानकुत्रे गेले. परत आले तेव्हा त्यांच्यासोबत कोणी नव्हतं.

"म्हादू भेकर!" करकोच्यांनी पुकारलं. मग पुन्हा पुकारलं. मग तिसऱ्यांदा पुकारलं.

"तो... तो विश्रांतीस गेलाय," रंगनाथ म्हणाला. त्याला आता कोणताच रंग धरता येत नव्हता, अंगावर नुसते ठिपके येत-जात होते.

"विश्रांतीस गेलेला गडी रेषेबाहेर बसतो. तसे बरेच बसलेत, मला दिसतायत. हा कुठे बसलाय, दाखवा."

रंगनाथ पाचोळ्याकडे सरकू लागला.

करकोच्यांनी पुस्तकातून एक कोरं पान काढलं आणि खडकापाशी नेलं. "महाराज, गडी मेला असेल तर तसं लिहून द्या. कधी मेला, कशाने मेला, खाली ठसा. मी नाव यादीतून काढतो. सामना पुढे चालू होईल, आणि आघाडी तुमचीच आहे."

सगळं जंगल दातेरावांकडे बघू लागलं. त्यांनी आधी चषकाकडे पाहिलं, मग कोऱ्या पानाकडे पाहिलं. पंजा उचलला. पंजा तसाच वर राहिला. चषक हवा तर 'मेला' लिहायचं. 'मेला' लिहायचं तर कशाने, तेही लिहायचं. आणि या जंगलात तर कोणी मरतच नव्हतं, तसा त्यांचाच वटहुकूम होता.

दातेरावांनी पंजा खाली घेतला. तोंड अर्थातच हसत होतं.

"मग सामना थांबला," करकोचे म्हणाले. "संपलेला नाही, थांबलेला आहे. म्हादू भेकर हजर होईपर्यंत यादीतले सगळे गडी मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहतील. त्यांना कोणी हलवू नये. खेळाडूंना पाणी यजमानाने द्यावं. नियम एकोणीस आणि वीस."

"किती वेळ थांबायचं म्हणे?" गवेसाहेबांनी कलत्या उन्हाकडे बघत विचारलं. त्यांना पुढच्या जंगलात जेवण होतं.

म्हादूची आई म्हणाली, "मी आठ म्हयनं थांबलीया. तुमी बी वाईच दम धरा."

गवेसाहेबांनी दम धरला नाही. संध्याकाळच्या आत पाहुणे निघून गेले. गवेसाहेबांनी महासंघाला अहवाल दिला तो असा, 'व्यवस्था उत्तम. मध उत्तम. एका राखीव खेळाडूच्या गैरहजेरीचा किरकोळ तांत्रिक मुद्दा प्रलंबित. पुढील स्पर्धाही इथेच घ्यावी.'

करकोचे मात्र गेले नाहीत. शिट्टी चोचीत धरून ते मध्यरेषेवर एका पायावर उभे राहिले. करकोच्यांना त्याची सवय असते. त्यांच्यासमोर रानकुत्र्यांना कोणाला हलवता येईना. खेळाडूंसाठी तळ्याचं कुंपण काढावं लागलं. मग टेकडीमागची हरणंही खाली आली आणि पाय मुरगळल्याचं सांगून पाण्यापाशी बसली. दातेराव अजून खडकावर आहेत. चषक तिथेच आहे, त्यात आता पावसाचं पाणी साठतं आणि चिमण्या आंघोळ करतात.

एक दिवस सगुणाक्का रेषेशेजारी बसली होती. केरबा झोपला होता, तरी त्याचा घोटा तिने धरूनच ठेवला होता. शेजारी म्हादूची आई उत्तरेच्या वाटेकडे तोंड करून बसली होती. तिने नेहमीप्रमाणे म्हादूला हाक मारली. हाक जाऊन आली.

सगुणाक्काला राहवलं नाही. "काकी," ती हळूच म्हणाली, "तुमास्नी ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय गं. ज्या दिवशी त्याचं भुंकनं थांबलं, त्याच दिवशी ठावं झालं."

"मग?"

म्हातारीने खडकावरच्या दातेरावांकडे पाहिलं.

"मग काय? आपन बोलायचं न्हाई. त्येनं लिवायचं."

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणी राजा झालाच, तर त्याने सामने अवश्य भरवावेत. कुंपणं रंगवावीत, पाहुण्यांना मध चाटवावा, चषक आपणच घ्यावा. त्याने काही बिघडत नाही, पाहुणे पुढच्या खेपेलाही येतात. फक्त थाप मारायची ती तोंडी मारावी. तिच्याखाली ठसा उमटवू नये, आणि नावं तर मुळीच लिहू नयेत. नावं लिहिली, की ती कोणीतरी मोठ्याने वाचतं.